असिस्टंट फोटोग्राफरचा रोज, म्हणजे दिवसाचा दर, कशावर ठरतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्षभर स्वतःच्या कॅमेऱ्यावर छोटी-मोठी कामं केली, आता एका जाहिरात फोटोग्राफरने असिस्टंट म्हणून बोलावलंय आणि दिवसाचा एक आकडा सांगितलाय. तो आकडा बरा आहे का, असिस्टंट साधारण किती कमावतात, आणि सुरुवातीची काही शूट फुकट करावीत का?

मी आधी असिस्टंट होते आणि गेली बरीच वर्षं स्वतः असिस्टंट ठेवते आहे, त्यामुळे हा दर घेणाऱ्याच्या आणि देणाऱ्याच्या, अशा दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. एक सरळ आकडा मात्र मी सांगणार नाही. देश, शहर आणि कामाचा प्रकार बदलला की तो इतका बदलतो की माझा आकडा तुम्हाला फसवेलच. पण तो बनतो कसा हे सांगता येतं, आणि ते कळलं की समोर आलेल्या रकमेची पारख तुमची तुम्हालाच करता येईल. तुम्ही विचारलंय दिवसाच्या दराबद्दल. माझा अंदाज असा की तुम्हाला उत्तर हवंय महिन्याचं: यावर घर चालेल का? या दोन प्रश्नांत बरंच अंतर आहे, म्हणून आधी हिशेबच मांडू.

समजा दिवसाचा दर 100 आहे. चलन कुठलंही धरा. पगारी माणूस महिन्यात साधारण 22 दिवस कामावर असतो. रोजावर काम करणाऱ्या नव्या असिस्टंटला तेवढे दिवस मिळत नाहीत; 11 दिवस लागले तर महिना बरा गेला म्हणायचं. म्हणजे पगारी माणसाच्या नुसत्या बरोबरीला यायचं तरी याचा रोज त्याच्या दुप्पट हवा. त्यात आजारी पडलात तर पैसे नाहीत, विमा स्वतःचा, कर स्वतः भरायचा, आणि बऱ्याचदा प्रवासही पदरचा. कामाचे दिवसही सारखे विखुरलेले नसतात. एका आठवड्यात तीन जण एकाच तारखेला बोलावतात आणि पुढचे दोन आठवडे फोन वाजत नाही. म्हणून रोजाला तिसाने गुणून महिन्याचा आकडा काढायचा मोह आवरा. मागच्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती दिवस लागले ते मोजा, आणि अजून तसा अनुभव नसेल तर कमीच धरा.

आता त्या 100 मध्ये दिवस किती लांब आहे, हा पुढचा प्रश्न. हा विचारायला नवी मुलं-मुली संकोचतात आणि तिथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. 100 मध्ये दहा तास धरले असतील तर तासाला 10 पडले. शूट चौदा तास चाललं आणि तासांबद्दल काही ठरलेलंच नसेल, तर तोच दर तासाला 7 च्या आसपास घसरतो. दहा तासांनंतर दीडपट असं ठरलं असेल तर वरच्या चार तासांचे 60 आणि दिवसाचे 160 होतात. दर तोच आणि शूटही तेच, हातात येणाऱ्या पैशांत मात्र 60 चा फरक, आणि तो पडला केवळ एका वाक्याने. शिवाय तास मोजायचे कुठून कुठपर्यंत? असिस्टंट सगळ्यांच्या आधी येतो, लाइट लावतो, आणि क्लायंट गाडीत बसून गेल्यावर तासभर स्टँड आवरत असतो. फोटोग्राफर शूटची वेळ नऊ ते सहा सांगतो तेव्हा तुमची वेळ सकाळी सात ते रात्री आठ असू शकते. मी असिस्टंटला सेटवर हजर व्हायची वेळ आणि शेवटची बॅग बंद होण्याची अंदाजे वेळ अशा दोन्ही सांगते. कुणी सांगत नसेल तर खुशाल विचारा. यात उद्धटपणा काहीच नाही.

दिवसाच्या कडेला लटकणारे दिवसही असतात. आदल्या दिवशी भाड्याचं सामान आणायचं, तपासायचं, बॅटऱ्या चार्ज करायच्या, कार्ड रिकामी करायची. बाहेरगावचं शूट असेल तर जाण्या-येण्यात एकेक दिवस जातो. या दिवसांचे पैसे मिळतात का, अर्धे की पूर्ण, हे प्रत्येक फोटोग्राफरगणिक वेगळं असतं. मी तयारीचा दिवस पूर्ण धरते आणि नुसत्या प्रवासाचा अर्धा. अर्ध्या दिवसाच्या कामाला निम्म्याहून जास्त देते, कारण त्या दिवशी त्या माणसाला दुसरं काम घेता येत नाही. आणि आदल्या दिवशी शूट रद्द झालं तर अर्धा रोज, त्याच सकाळी झालं तर पूर्ण. हे माझे नियम आहेत, कायदा नव्हे. पण रद्द झाल्यास काय, एवढं तरी विचारून ठेवा, कारण जाहिरातीची शूट रद्द व्हायला किंवा पुढे ढकलली जायला एक साधं ईमेल पुरतं.

आता दर मुळात ठरतो कशावर? माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे असिस्टंटचे पैसे कुणाच्या खिशातून जातात. जाहिरातीच्या कामात फोटोग्राफर आधी अंदाजपत्रक देतो आणि त्यात असिस्टंट ही वेगळी ओळ असते: पहिला असिस्टंट, दुसरा असिस्टंट, डिजिटल टेक (सेटवरचा संगणक आणि फाइल्स सांभाळणारा), सामानाचं भाडं, स्टुडिओ. ते पैसे क्लायंट देतो. तिथे असिस्टंटचा दर कमी केला तर फोटोग्राफरची स्वतःची फी वाढत नाही, उलट सेटवर त्यालाच त्रास होतो. म्हणून जाहिरातीत दर चांगला असतो. मासिकांच्या कामात बहुतेकदा एकूण रक्कम आधीच ठरलेली आणि तुटपुंजी असते, आणि असिस्टंट त्यातूनच भागवायचा असतो. तुम्हाला दिलेला प्रत्येक पैसा तिथे फोटोग्राफरच्या फीमधून कमी होतो. तोच फोटोग्राफर, तुम्हीही तेच, लाइटही तेवढेच, तरी मासिकाच्या दिवसाचा दर कमी असेल तर त्याला लबाडी समजू नका. मात्र मासिकाचा दर सांगून जाहिरातीच्या शूटला बोलावलं तर बोला. तुम्हाला ज्याने बोलावलंय तो जाहिरातीत काम करतो, म्हणून पहिल्याच फोनवर विचारा की हे काम जाहिरातीचं आहे, मासिकाचं आहे की त्याचं स्वतःचं.

लग्नाच्या फोटोग्राफीतही पैसे फोटोग्राफरच्या ठरलेल्या रकमेतून जातात, पण तिथे दोन वेगळी कामं एकाच नावाखाली खपवली जातात. एक, बॅगा सांभाळणारा, फ्लॅश धरणारा, पाहुण्यांना ग्रुपसाठी गोळा करणारा असिस्टंट. दुसरा, स्वतःचा कॅमेरा घेऊन दुसऱ्या कोनातून फोटो काढणारा, म्हणजे सेकंड शूटर. दुसऱ्याचं काम वेगळं, जबाबदारी वेगळी आणि दरही वेगळाच हवा, शिवाय कॅमेरा आणि लेन्स त्याच्या. असिस्टंटच्या दरात सेकंड शूटरचं काम करून घेणं हा या धंद्यातला जुना खेळ आहे. 'जमलं तर तूही चार फोटो काढ' या वाक्याचा अर्थ आधीच समजून घ्या.

उत्पादनांचे फोटो घाऊक काढणारे स्टुडिओ महिन्याच्या पगारावर असिस्टंट ठेवतात. त्या पगारातून दिवसाचा दर काढला तर कमी दिसतो, काम एकसुरी वाटतं, पण पैसे ठरल्या तारखेला येतात आणि हाताला वेग लागतो. घराचा हप्ता किंवा भाडं डोक्यावर असेल तर अशा नोकरीला नाक मुरडू नका. वास्तुरचना आणि इंटिरिअरच्या कामात असिस्टंट बहुधा एकच असतो, दिवस उजेडाच्या मागे धावतो आणि दर मध्यम असतो. बातम्यांच्या फोटोग्राफीत असिस्टंट फारसे नसतातच.

दुसरी गोष्ट म्हणजे सेटवरची जागा. दुसरा असिस्टंट सामान हलवतो, वाळूच्या पिशव्या ठेवतो, केबल टेपने चिकटवतो, रिफ्लेक्टर धरतो. पहिला असिस्टंट फोटोग्राफरचं म्हणणं लाइटमध्ये उतरवतो. 'चेहऱ्यावरचा उजेड जरा पसरव, मागचा तसाच राहू दे' एवढं ऐकून कुठला दिवा किती सरकवायचा हे त्याला कळायला हवं. दिवा 2 मीटरवरून 4 मीटरवर नेला की उजेड चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), आणि सावलीही कडक होते. मग दिव्याची पॉवर दोन स्टॉप वाढवायची की मोठा सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावून अंतर तेच ठेवायचं, हा निर्णय दहा सेकंदांत व्हावा लागतो. क्लायंट मागे उभा असताना फोटोग्राफरला भौतिकशास्त्र समजावत बसायला वेळ नसतो. दुसऱ्या असिस्टंटहून पहिल्याचा दर जास्त असतो तो याचसाठी.

डिजिटल टेकचं काम आणखी वेगळं. कॅमेरा केबलने संगणकाला जोडलेला असतो, फोटो काढला की मोठ्या पडद्यावर येतो, आणि तो पडदा क्लायंट पाहत असतो. केबल सुटली, सॉफ्टवेअर अडकलं, रंग चुकले तर अख्खा सेट थांबतो. शिवाय फाइल्सची पूर्ण जबाबदारी याची. एक रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, 60 एमबीची धरली आणि दिवसात 1,500 फोटो निघाले तर 90 जीबी झाले. दोन प्रती ठेवायच्या म्हणजे 180 जीबी, त्याही दोन वेगवेगळ्या ड्राइव्हवर, आणि उघडून तपासल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. हे सगळं शांत डोक्याने करणाऱ्या माणसाला मी पहिल्या असिस्टंटपेक्षाही जास्त देते, आणि त्याचा संगणक, पडदा, ड्राइव्ह यांचं भाडं वेगळं. तुम्हाला संगणकाची आवड असेल तर दर वाढवायचा माझ्या माहितीतला सगळ्यात जवळचा रस्ता हाच आहे.

तुमचे स्वतःचे फोटो किती सुंदर आहेत, याला या दरात जवळजवळ काहीच किंमत नसते. नव्या लोकांना हे टोचतं. मला पोर्टफोलिओ पाठवणारे पुष्कळ येतात. मी तो पाहते, पण बोलावते त्यांना ज्यांच्याबद्दल दुसऱ्या एखाद्या असिस्टंटने सांगितलेलं असतं की माणूस वेळेवर येतो, क्लायंटसमोर तोंड सांभाळतो आणि सामान जागच्या जागी ठेवतो. विचार करा, जाहिरातीच्या सेटवर मॉडेल, मेकअप, स्टायलिस्ट, स्टुडिओ, एजन्सीची माणसं असा सगळा खर्च मिनिटागणिक चालू असतो. फ्लॅश उडवणाऱ्या ट्रिगरच्या बॅटऱ्या संपल्या आणि जादा आणायला कुणी पळालं, तर त्या पंधरा मिनिटांची किंमत तुमच्या दिवसाच्या रोजापेक्षा जास्त असू शकते. चांगल्या असिस्टंटचे पैसे त्या न घडलेल्या पंधरा मिनिटांचे असतात. म्हणूनच अनुभवी असिस्टंट महाग वाटत नाही, आणि स्वस्तातला नवखा कधीकधी फार महागात पडतो.

बाकी छोट्या गोष्टी पटापट सांगते. गाडी चालवता येणं आणि मोठ्या गाडीचा परवाना असणं, भरपूर उपयोगी. विजेच्या भाराची समज, म्हणजे एका सर्किटवर किती दिवे झेपतील हे कळणं, फारच उपयोगी आणि सुरक्षेसाठी आवश्यक. फोटोग्राफीचं शिक्षण किंवा पदवी, पहिल्या कामानंतर कुणी विचारत नाही. अंगात ताकद असावी लागते हे खरं, पण बायकांना हे काम जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी ट्रॉलीचा शोध लागलाय हे ध्यानात घ्यावं.

फुकट काम करावं का, याचं माझं उत्तर एका प्रश्नावर अवलंबून आहे: त्या सेटवर दुसऱ्या कुणाला पैसे मिळताहेत का? मिळत असतील तर तुम्हालाही मिळाले पाहिजेत, मग ते पहिलं शूट असो की पन्नासावं. नवखे आहात म्हणून दर कमी असणं ठीक, शून्य ठीक नाही. जिथे कुणालाच पैसे नाहीत, फोटोग्राफर स्वतःसाठी काही नवं करून बघतोय, मॉडेल आणि मेकअपवालेही आपापल्या पोर्टफोलिओसाठी आलेत, तिथे जरूर जा. अशा शूटला चुकायला आणि विचारायला मोकळीक असते, आणि पुढच्या कामाची ओळख बहुतेकदा तिथेच होते.

पैशाऐवजी मिळणाऱ्या वस्तूंचंही मोल असतं, फक्त ते आधी बोलून ठरवायला हवं. पुढे नावाजलेली अमेरिकन फोटोग्राफर बेरेनिस ॲबट हिचं उदाहरण मला आवडतं. 1923 मध्ये पॅरिसमध्ये चित्रकार-फोटोग्राफर मॅन रे यांनी तिला डार्करूम असिस्टंट म्हणून घेतलं, कारण त्यांना फोटोग्राफीतलं काहीच न येणारी व्यक्ती हवी होती. पुढे त्यांनी तिला आपला स्टुडिओ स्वतःचे पोर्ट्रेट काढायला वापरू दिला, आणि 1926 मध्ये तिने स्वतःचा स्टुडिओ थाटला. रिकाम्या दिवशी स्टुडिओ वापरायला मिळणं, चांगले लाइट घरी न्यायला मिळणं हा खराखुरा मोबदला आहे. 'तुला शिकायला मिळेल' हा मोबदला नाही. शिकायला तर पैसे घेऊनही मिळतंच.

दर वाढवण्याबद्दल एक गोष्ट उशिरा कळते. ज्याने तुम्हाला नवखे असताना बोलावलं, त्याच्या डोक्यात तुमचा जुना दर पक्का बसलेला असतो, आणि तो वाढवताना त्याला प्रत्येक वेळी तुम्ही महाग झाल्यासारखं वाटतं. नव्या फोटोग्राफरला तसा काही इतिहास माहीत नसतो. म्हणून नवा दर आधी नव्या माणसाला सांगावा, दोन-चार जणांनी तो सहज मान्य केला की मग जुन्यांना कळवावं, तेही अमुक तारखेपासून असं आधी सांगून. एकाच फोटोग्राफरवर सगळे दिवस अवलंबून ठेवले की ही सोय राहत नाही. दुसरा धोका उलट बाजूचा आहे: फार चांगला पहिला असिस्टंट झालात, डायरी भरली, की स्वतःचे फोटो काढायला दिवसच उरत नाहीत आणि लोक तुम्हाला असिस्टंट म्हणूनच ओळखू लागतात. तुम्हाला फोटोग्राफर व्हायचं असेल तर दर वाढल्यावर जादा कामं घेण्याऐवजी तेवढ्याच पैशांत कमी दिवस काम करा आणि उरलेले दिवस स्वतःसाठी राखा. ज्यांना असिस्टंट किंवा डिजिटल टेक म्हणूनच राहायचंय त्यांनी मात्र डायरी भरावी. तो सन्मानाचा आणि बऱ्यापैकी कमाईचा धंदा आहे.

स्वतःचं सामान वापरायला देत असाल तर त्याचं भाडं रोजापासून वेगळं लिहा. रोज तुमच्या वेळेचा, भाडं झिजणाऱ्या वस्तूचं. एकत्र सांगितलं की सामान नेहमीच फुकटात जातं. फोटोग्राफरचं किंवा भाड्याचं सामान पडून फुटलं तर कुणी भरायचं, विमा कुणाचा, हेही विचारा. सेकंड शूटर म्हणून काढलेले फोटो तुमच्या पोर्टफोलिओत वापरता येतील का, हे शूटच्या आधी लेखी घ्या, कारण हक्कांचे नियम देशागणिक आणि करारागणिक बदलतात. आणि जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी सेटवरचा एकही फोटो कुठे टाकू नका. त्यापायी काम गेलेल्यांना परत कुणी बोलावत नाही.

शेवटी पैसे हातात कधी येतात ते. जाहिरातीत क्लायंट एजन्सीला देतो, एजन्सी फोटोग्राफरला, फोटोग्राफर तुम्हाला. प्रत्येक टप्प्यावर 30, 60, कधी 90 दिवस जातात. माझं मत असं की असिस्टंटचे पैसे क्लायंटच्या पैशांवर अडकता कामा नयेत. मी ते आधी माझ्याकडून देते आणि ज्यांना हे शक्य नाही त्यांनी निदान तारीख आधी सांगावी. तुम्ही काम स्वीकारताना एक छोटा संदेश पाठवा: तारीख, हजर व्हायची वेळ, दर आणि तो किती तासांचा, त्यानंतरच्या तासांचा दर, तयारी आणि प्रवासाचे दिवस, सामानाचं भाडं, रद्द झाल्यास काय, पैसे किती दिवसांत. समोरून नुसतं 'ठीक' आलं तरी पुरे. बिल शूटच्या दुसऱ्या दिवशीच पाठवा, जादा तास त्यात वेगळ्या ओळीत लिहा, आणि ठरलेली तारीख उलटली की तिसऱ्या दिवशी विनम्रपणे एक आठवण करा. त्या फोटोग्राफरने हा संदेश वाचून तास ठरवायला खळखळ केली, तर सांगितलेला दर कितीही आकर्षक असला तरी पहिल्या शूटनंतर थांबून, प्रत्यक्ष भरलेल्या तासांनी तो दर भागून बघा.